बिशपचं सूप

आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं उदंड. बाबा सहकारी बँकेत कारकून होते, पण ते पोटापुरतं. खरं काम पत्रकं लिहिण्याचं. पाणीपट्टी वाढली, काढ पत्रक. नगराध्यक्षांनी स्वतःच्या वडिलांचा पुतळा चौकात बसवायचं ठरवलं, काढ पत्रक. शाळेच्या वेळेची एस.टी. बंद झाली, काढ दोन पत्रकं, एक मुलांसाठी आणि एक पालकांसाठी. वाटून उरलेला गठ्ठा घरी यायचा. आई तो फडताळात अंथरायची, त्यावर कुरडया वाळवायची, माझ्या वह्यांना कव्हरं घालायची. "आमच्याकडे चहाच्या कपाखालीसुद्धा क्रांती असते," असं ती पाहुण्यांना सांगायची आणि कप उचलून खालचा गोल डाग दाखवायची.

मी वाचायला शिकले ती "जागे व्हा!" या मथळ्यावर. पहिलीत बाईंनी येईल तो शब्द पाटीवर लिहायला सांगितला, तेव्हा बाकीच्यांनी कमळ आणि बदक लिहिलं. मी "निषेध" लिहिला. जोडाक्षर नाही, सोपा शब्द आहे.

प्रत्येक पत्रकाच्या तळाला छापखान्याचं नाव, बाबांचं नाव आणि आमच्या घरचा पत्ता असायचा. बाबांचा तो नियम होता. पत्ता नसलेलं पत्रक म्हणजे भिंतीआडून मारलेला दगड, असं ते म्हणायचे. त्यामुळे ज्याच्यावर पत्रक निघे तो किंवा त्याची माणसं सरळ आमच्या दाराशी येत. बाबा तेव्हा बँकेत असत. दार आई उघडायची.

बाबांना म्हणी आवडत. एकीवर मात्र त्यांचा दात होता: ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. "ही म्हण नाही, गुलामीचा करारनामा आहे," असं ते जेवताना म्हणायचे. "मग पोळी कोणाची खायची?" असं आई विचारायची आणि पुढची वाढायची.

अशा घरातली मुलगी इंग्लंडला जाऊन संशोधन कशावर करणार? पत्रकांवर. साडेचारशे वर्षांपूर्वीच्या, धर्माच्या भांडणात छापलेल्या, एकमेकांची आयमाय काढणाऱ्या इंग्रजी पत्रकांवर. मी गेले तेव्हा इराकचं युद्ध सुरू होऊन दीडेक वर्ष झालं होतं. गावातल्या प्रत्येक विजेच्या खांबावर युद्धविरोधी सभेचं पत्रक चिकटवलेलं होतं, आणि बसमधून उतरताच मला अगदी घरी आल्यासारखं वाटलं होतं.

माझं कॉलेज जुनं होतं. इतकं जुनं, की नवं क्रीडांगण म्हणजे तीनशे वर्षांपूर्वीचं. डायनिंग हॉलमध्ये आमच्या टेबलासमोरच एका माणसाचं तैलचित्र होतं. गुबगुबीत गाल, पांढऱ्या बाह्या, बोटात अंगठी आणि नुकतंच पोटभर जेवल्याचं समाधान. तो या कॉलेजचा एके काळचा प्रमुख आणि नंतर बिशप. दूरदेशीच्या गरजू विद्यार्थ्यासाठी त्याने जमीन ठेवली होती आणि त्या जमिनीतून माझी शिष्यवृत्ती येत होती. माझ्या संशोधनातली सगळ्यात जळजळीत पत्रकं याच माणसावर होती. म्हणजे सकाळी ग्रंथालयात मी त्याला शिव्या घातलेल्या वाचायच्या आणि दुपारी त्याच्या पैशाने, त्याच्यासमोर बसून, वाटाणे खायचे.

शिव्या मिळण्यासारखंच त्याने केलं होतं. विणकराचा पोरगा. याच कॉलेजात श्रीमंत मुलांना जेवण वाढत, त्यांचे बूट पुसत शिकला. इथपर्यंत मला तो आवडला होता. त्या वेळचा राजा म्हणजे सहा लग्नं करणारा. त्याने रोमच्या पोपशी नातं तोडलं. आमच्या माणसाने तसं वचन दिलं आणि तो अध्यापक झाला. राजा मेला, त्याचा कोवळा मुलगा गादीवर आला. प्रार्थना लॅटिनमधून इंग्रजीत आल्या, पाद्र्यांना लग्नाची मुभा मिळाली. आमच्या माणसाने इंग्रजीत प्रार्थना केली, लग्न केलं आणि तो कॉलेजचा प्रमुख झाला. तो मुलगाही मेला, त्याची थोरली बहीण राणी झाली. पोप परत, लॅटिन परत, न ऐकणाऱ्याला जिवंत जाळायची शिक्षा, आणि लग्न केलेल्या पाद्र्यांना हुकूम: बायको सोडा, नाहीतर जागा सोडा.

त्याने बायको सोडली. तिला तिच्या भावाच्या शेतावर पाठवून दिलं आणि लॅटिन सुरू केलं.

पाच वर्षांनी थोरली गेली, धाकटी आली. इंग्रजी परत. बायको परत. आणि या सगळ्या शहाणपणाचं बक्षीस म्हणून तो बिशप झाला. चार राज्यकर्ते, चार वेळा शपथ, जागा कायम. आमच्या तालुक्याच्या राजकारणातही असा माणूस मी पाहिला नव्हता, आणि आमचा तालुका त्या बाबतीत मागासलेला नाही.

ऑक्टोबरात कॉलेजच्या प्रमुखांनी मला चहाला बोलावलं. या पदाला तिथे मास्टर म्हणतात. ते गांडुळांचे मोठे अभ्यासक होते. त्यांच्या दिवाणखान्यात मातीने भरलेल्या काचेच्या बरण्या होत्या आणि ते माझ्याशी बोलताना अधूनमधून बरणीकडेही बघत.

"नोव्हेंबरात बिशपची मेजवानी असते," ते म्हणाले. "त्या दिवशी त्यांची शिष्यवृत्ती घेणारा विद्यार्थी हॉलमध्ये उभा राहून त्यांचं कौतुक करतो. सूप वाढलेलं असतं. ते गार होईपर्यंत बोलायचं."

"सूप गार व्हायला किती वेळ लागतो?"

"ते भाषणावर अवलंबून असतं."

मग त्यांनी प्रथेमागची गोष्ट सांगितली. थोरल्या राणीच्या काळात बंदी असलेली पुस्तकं शोधायला सरकारी माणसं कॉलेजात आली. तेव्हा प्रमुख असलेल्या याच माणसाने त्यांना आधी जेवायला बसवलं, सूप वाढलं आणि स्वागताचं भाषण सुरू केलं ते सूप गार झालं तरी संपेना. तेवढ्या वेळात वरच्या खोल्यांतली पुस्तकं मागच्या भिंतीवरून पलीकडे गेली.

"याला पुरावा?" मी विचारलं.

"अजिबात नाही," ते आनंदाने म्हणाले. "फारच छान गोष्ट आहे."

"आणि कौतुक करण्यासारखं काही सापडलं नाही तर?"

"मी चमचा उचलला की भाषण मान्य झालं. नाही उचलला तर तुम्ही पुन्हा उभं राहायचं. माझ्या आधीच्या मास्टरांनी एकदा उचलला नव्हता. तो मुलगा बिशपऐवजी क्रिकेटवर बोलला होता."

"आणि उभं राहायलाच नकार दिला तर?"

त्यांनी बरणीकडे पाहिलं. "मग शिष्यवृत्ती पुढच्या विद्यार्थ्याकडे जाते. तसं त्यांनीच ठरवून ठेवलंय. कौतुकाच्या बाबतीत माणूस जरा हावरट होता."

म्हणजे एकतर टाळी वाजवा, नाहीतर घरी जा. मी खोलीवर येऊन कॉटवर बसले आणि हसत सुटले. साता समुद्रापार येऊन मी नेमकी बाबांच्या नावडत्या म्हणीत येऊन पडले होते.

त्या शनिवारी मी कॉव्हेंट्रीला काकूंकडे गेले. या नात्यातल्या नव्हेत. मूळच्या नागपूरच्या, तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर. इंग्लंडात एकट्या राहणाऱ्या मराठी पोरींना वरणभात खाऊ घालणं हे त्यांनी आपणहून अंगावर घेतलेलं खातं होतं. दार उघडताच म्हणाल्या, "काय बाप्पा, किती वाळलीस! कॉलेजवाले उपाशी ठेवतात का गं?"

मी जेवता जेवता सगळं सांगितलं. त्यांना त्यात अडचणच दिसेना.

"अगं, थँक यू म्हण आणि बस खाली. सगळे तेच करतात. आमचा कन्सल्टंट रिटायर झाला तेव्हा स्पीच मीच दिलं. त्या माणसाने वर्षानुवर्षं मला नावाने हाक मारली नाही, नुसतं 'डिअर'. मी म्हटलं, ही वॉज लाइक अ फादर टू अस. अर्धा वॉर्ड रडला. मीपण थोडी रडले."

"आणि रात्री झोप लागली तुम्हाला?"

"न लागायला काय झालं? ऑन-कॉल नव्हते त्या दिवशी."

"मला नाही जमणार, काकू."

"तुम्हा पश्चिम महाराष्ट्रातल्या लोकांचं हेच. तत्त्व पहिले, जेवण नंतर. तो मरून चारशे वर्षं झाली, त्याला कळणारे का?"

"मला कळेल ना."

"मग शिव्या दे. पण साडी नेसून दे," असं म्हणून त्यांनी कपाटातून मोरपंखी रेशमी साडी काढली. "वरतून तुमचा तो काळा गाऊन घालशील ना? काठ दिसू दे. आणि सूप सांडू नको, ही माझ्या रिसेप्शनची आहे."

ट्रेनमध्ये ती साडी मांडीवर घेऊन मी ठरवलं. भाषण करायचं. उभं राहून, त्यांच्याच हॉलमध्ये, त्याच्याच चित्राखाली, तो काय होता ते सांगायचं. चमचा उचलला नाही तर परत उभं राहून परत तेच सांगायचं. आठवडाभरात भाषण तयार झालं, आणि खोटं कशाला बोलू, झकास झालं होतं. बहुतेक मालमसाला ज्या पत्रकातून मी घेतला ते त्या काळातलं सगळ्यात गाजलेलं. लिहिणारा कट्टर सुधारक. पूर्वी याच कॉलेजात शिकवणारा. थोरली राणी आल्यावर वचन द्यायला नकार देऊन देश सोडून गेलेला. माझा त्याच्यावर जीव जडला होता. या प्रमुखाचा झगा इतक्या वेळा उलटवलाय की अस्तर कुठलं हे शिंप्यालाही सांगता येणार नाही, अशा अर्थाचं त्याने लिहिलं होतं, आणि बायको घालवून दिल्याबद्दल तर चांगली दोन पानं सोलून काढलं होतं.

रविवारी सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून फोनचं स्क्रॅच कार्ड आणलं आणि बाबांना फोन लावला. भाषण मराठी करून वाचून दाखवलं. ते मध्ये मध्ये "वा" म्हणत होते.

"'लाळघोट्या' घाल एके ठिकाणी," त्यांनी सुचवलं. "सुरुवातीलाच घाल. आणि ज्या पत्रकावरून घेतलंस त्याच्या तळाला काय आहे?"

हा बाबांचा जुना रिवाज. पत्रक हातात आलं की आधी उलटं करून तळ वाचायचा, मग मजकूर.

"खोटा पत्ता आहे," मी म्हटलं. "तसा छापखाना नव्हताच कुठे. छापलं समुद्रापलीकडे, जर्मनीत. लिहिणारा तिकडे गेला होता ना."

"कधी गेला?"

"थोरली आली त्याच हिवाळ्यात."

"आणि हा बिशप?"

"तो इथेच. कॉलेजात."

"पोरं?"

"कुठली पोरं?"

"कॉलेज म्हटल्यावर पोरं असतील. त्या सुधारकाकडे शिकणारी पोरं. तो गेल्यावर ती कुठे गेली?"

"ती पण इथेच राहिली. त्यांच्यातल्या कुणाला जाळलं बिळलं नाही, तेवढं नोंदलेलं आहे."

मग बाबा म्हणाले, "लाळघोट्या राहू दे."

"का?"

"पोलीस पोचत नाहीत अशा गावातून लिहिलेली पत्रकं मी पाहिली आहेत. त्यांत विशेषणं फार असतात. फुकट पडतात ना तिकडे." आणि वर, "तुझ्या लेखातही झालीत."

तो लेख मी महिन्याभरापूर्वी बाबांच्या चार पानी मासिकासाठी पाठवला होता. आमच्या गावच्या मुलींच्या शाळेत एक भित्तिपत्रक लागतं. ते माझ्या दहावीच्या वर्षी मीच सुरू केलं होतं. यंदा मुलींनी त्यात गावातल्या एका पुढाऱ्याच्या घरच्या लग्नातल्या हुंड्यावर लिहिलं. पुढाऱ्याची माणसं शाळेत आली आणि मुख्याध्यापिकाबाईंनी त्याच दुपारी भित्तिपत्रक उतरवलं. ज्या बाईंनी मला निबंध लिहायला शिकवलं, त्याच. मी इंग्लंडातल्या खोलीत हीटर लावून त्यांना कणाहीन, मिंधी आणि आणखी बरंच काही म्हटलं होतं. बाबांनी ते अजून छापलं नव्हतं.

"तुम्ही घाबरलात," मी म्हटलं.

"घाबरलो असतो तर फाडला असता. ठेवलाय."

"बाईंनी केलं ते बरोबर होतं?"

"मी कुठे बरोबर म्हणतोय? चूकच केलं. पण लिहिणारा कुठे उभा आहे ते आधी बघतो मी. सवय आहे." मग त्यांनी पुढचा प्रश्न टाकला. "मला एक सांग, हे बिशपवरचं पत्रक इतकी वर्षं टिकलं कसं? आमचं तर चार दिवसांत भेळेला जातं."

"आमच्या ग्रंथालयात आहे ते."

"तिथे ठेवलं कोणी?"

उत्तर मला ठाऊक होतं. पहिल्याच आठवड्यात ग्रंथपालांनी सांगितलं होतं आणि मी ते कानाआड केलं होतं. बिशपने मरताना आपली सगळी पुस्तकं कॉलेजला दिली. हे पत्रक त्यातलंच. चामड्याची बांधणी करून, नीट, उंदीर लागणार नाहीत असं ठेवलेलं.

"त्यानेच," मी म्हटलं.

"अस्सं," बाबा म्हणाले. चांगला आंबा हाताला लागल्यावर म्हणतात तसं. "लिहिणारा सगळी वाटून टाकतो. वाचणारा भेळ खातो. पत्रक टिकतं ते ज्याच्यावर लिहिलंय त्याच्या घरात. बँकेच्या संपात मी तडजोड केली तेव्हा आपल्याच लोकांनी माझ्यावर काढलं होतं. व्यवस्थापकांचा पाळीव..."

"पोपट!" मागून आईचा आवाज आला.

"तेच. आहे अजून कपाटात. फार चुका होत्या त्यात, मी लाल पेनने सुधारल्यात."

मला रागच आला. असं एक पत्रक जपून ठेवलं म्हणून माणूस धुतला जातो का? कदाचित हावरटपणाने ठेवलं असेल, स्वतःवरचं काहीही त्याला प्रिय असेल. कदाचित डूख धरायला. आणि बायको? तिला शेतावर पाठवून याने हॉल राखला, त्याचं काय?

"ते मात्र मला सांगता येत नाही," बाबा म्हणाले. "ते तुझं तू बघ."

तेवढ्यात आईने फोन घेतला. "जेवतेस ना नीट? काकूंनी भात दिला होता का? आणि तिचं नाव काय होतं?"

"कुणाचं?"

"त्याच्या बायकोचं."

"ते कुठेच नाही, आई."

"त्या पत्रकातपण नाही? तिच्यावर दोन पानं लिहिलीत म्हणालीस."

मी डोळे मिटून ती दोन पानं आठवली. त्यांत त्याची बायको होती, बिचारी होती, टाकलेली होती, बिशपच्या डोक्यात हाणायला चांगला सोटा होती. नाव नव्हतं.

"नाही."

"म्हणजे दोघेही सारखेच," आई म्हणाली. "बरं, कार्ड संपेल तुझं, ठेव."

मी झकास भाषण फाडलं नाही, बाबांची मुलगी आहे. ठेवलं. पण दुसरं लिहायला बसले आणि ते काही केल्या झकास होईना. एकही वाक्य असं जमेना की ज्यावर कोणी मूठ उगारेल.

मेजवानीच्या संध्याकाळी मी काकूंची साडी नेसून, वरून काळा गाऊन घालून हॉलमध्ये गेले. मेणबत्त्या, चांदीची मीठदाणी आणि बटाटा नि लीक नावाच्या पातीच्या भाजीचं सूप. लांबच लांब टेबलांवरून एकदम वाफा निघत होत्या आणि प्रत्येक चेहऱ्यावर लिहिलं होतं: बाई, लवकर आटप. माझ्या शेजारी बसलेला नाव वल्हवणारा धिप्पाड मुलगा तर सूपाकडे असा बघत होता, जसं काही ते पळून जाईल.

मी उभी राहिले. साडीचे काठ गाऊनबाहेर दिसतील असे सारखे केले.

मी त्याची कारकीर्द सांगितली, काही न झाकता. विणकराचा मुलगा, इथेच जेवण वाढत असे. चार राज्यकर्ते, चार शपथा. काही लोक हसले, काहींना हसावं की नाही कळेना. मग मी त्याच्यावर पत्रक लिहिणाऱ्याबद्दल सांगितलं. तो कसा शूर होता आणि कसा दूर होता. त्याचे विद्यार्थी कसे याच हॉलमध्ये, याच माणसाच्या भरवशावर राहिले. सूपाची गोष्ट खरी की खोटी मला माहीत नाही, पण त्या मुलांना कोणी जाळलं नाही, हे खरं आहे, असं म्हटलं.

वाफा कमी झाल्या होत्या. मी पुढे गेले.

"आता मी त्याच्या पत्नीबद्दल बोलते. फार वेळ लागणार नाही, कारण तिच्याबद्दल फारसं कोणी काही ठेवलेलं नाही. ती या कॉलेजात राहायला आली. तिला इथून घालवून देण्यात आलं, कारण नवऱ्याला जागा राखायची होती. ती परत आली. धाकट्या राणीला कॉलेजात बायका राहिलेल्या खपत नव्हत्या, म्हणून ती मास्टरांच्या घरात दार लावून राहिली. तो कॅथीड्रलमध्ये पुरला आहे, संगमरवराखाली. ती कुठे आहे माहीत नाही. त्याच्या शत्रूने तिच्यावर पानंच्या पानं लिहिली आणि तिचं नाव लिहिलं नाही. त्याने तुम्हाला जमीन, चांदी आणि पुस्तकं दिली, आणि तिचं नाव दिलं नाही. या हॉलच्या छपराची किंमत तिनेही भरली आहे. तिचे आभार आपण आजवर एकदाही मानलेले नाहीत. मी मानते."

चित्रातला बिशप तसाच पोट भरलेला.

"माझ्यावर त्याचं कौतुक करण्याची अट आहे," मी म्हटलं. "एका गोष्टीचं करते. त्याच्याबद्दलचं सगळ्यात वाईट जे लिहिलं गेलं, ते त्याने जाळलं नाही. माणसं जाळण्याच्या काळात त्याने एक कागद जाळला नाही. तो बांधून ठेवला आणि तुम्हाला दिला. त्याच्याच पैशावर मी तो वाचते. तेवढ्यापुरती मी आभारी आहे. त्याहून जास्त नाही."

आणि मी बसले. माझ्या सूपावर साय धरली होती.

मास्टरांनी चमचा हातात घेतला, त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा टेबलावर ठेवला. हॉलमधली सगळी डोकी त्यांच्याकडे वळली. माझ्या मनात आलं, झालं, उठा परत. दुसऱ्यांदाही हेच बोलायचं असं मी ठरवलंच होतं.

"तिचं नाव खरंच कुठे नाही?" त्यांनी लांबून विचारलं. गांडुळांबद्दल विचारतात त्याच आवाजात, म्हणजे अगदी मनापासून.

"मी पाहिलं तिथे नाही," मी म्हटलं. "पण मी आजवर त्यालाच शोधत होते."

"हं," ते म्हणाले आणि चमचा उचलला.

मग एकदम सगळीकडे चमचे. वल्हेवाला मुलगा वाडगा संपवून माझ्याकडे वळला. "ते कौतुक होतं का?"

"थोडंसं."

"बरं झालं. मला वाटलं आज उपाशीच."

मी माझं सूप संपवलं. गार, अळणी आणि पिठूळ. एवढ्यासाठी लोक चारशे वर्षं थांबतायत, हे बाबांना सांगायलाच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी फोन लावला. बाबांनी "हॅलो" म्हणायच्या आधी विचारलं, "टाळी वाजवलीस?"

"एका हाताने."

ते खूप वेळ हसले. मग मी म्हटलं, "माझा लेख छापू नका. मे महिन्यात मी येते आहे. आधी बाईंकडे जाऊन समोर बसून विचारते, मग लिहिते. विशेषणं कमी करेन. पण भित्तिपत्रक उतरवलं हे चूक आहे, ते मी लिहिणारच."

"चूकच आहे. लिही. आणि तळाला?"

"आपल्या घरचा पत्ता."

"शाबास."

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज झाला आणि आई फोनच्या जवळ येऊन म्हणाली, "पत्त्याच्या वर माझंही नाव घाला या वेळी. दार मीच उघडते."